मावळचं पाणी आणि बरोजची कॅसेट

लोणावळ्याला पावसात भिजायला जाणाऱ्या मंडळींना वळवणचं धरण वाटेत ओझरतं दिसतं आणि मागे पडतं. ८ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्यात टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला बसवली. बरोबर चार वर्षांनी, ८ फेब्रुवारी १९१५ला, लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली. जमशेटजी टाटा तोवर जगात नव्हते. लोणावळा, वळवण आणि शिरोता या तलावांमधलं पाणी एरवी इंद्रायणीतून भीमेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. ते वळवून पश्चिमेला, पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून खोपोलीत सोडलं गेलं. पुढे आंदर मावळात ठोकळवाडीचं धरण झालं आणि त्याच्या दक्षिणेला मुळशीचं. मुळशीसाठी सेनापती बापटांनी केलेला सत्याग्रह सर्वांना ठाऊक आहे. मुंबईच्या उजेडाची किंमत मावळ्यांनी मोजली, ही गोष्ट या लेखाचा विषय नसली तरी वगळून पुढे जाता येत नाही.

लेखाचा विषय संगणक हा आहे, आणि तोही आतल्या बाजूने: धंद्याच्या संगणकावर त्याची मूळ प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, चढवणं, ती कोसळली की पुन्हा चढवणं आणि एका प्रणालीवरचं काम दुसरीवर नेणं. आपल्याकडच्या सॉफ्टवेअर धंद्याचा इतिहास बहुधा संस्थापकांच्या जिद्दीचा आणि डॉलरच्या आकड्यांचा सांगितला जातो. माझ्या मते त्याचा खरा पाया या तिसऱ्या, कंटाळवाण्या कामात आहे. आणि त्याचा एक धागा थेट लोणावळ्याच्या तलावांपर्यंत पोचतो.

पावसाचं पाणी चार महिन्यांत साठतं आणि पुढच्या जूनपर्यंत पुरवायचं असतं. १९५६ला ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र सुरू झाल्यावर हिशेब आणखी अवघड झाला. संध्याकाळी मुंबईचे दिवे लागले की वाढलेली मागणी पाण्यावर भागवायची की इंधनावर? पाणी झटकन सोडता येतं, बॉयलर तसा झटकन तापत नाही. पण आज उधळलेलं पाणी मे महिन्यात परत मिळत नाही. पुढे हा निर्णय तासातासाला घेऊ लागलेल्या विभागात १९५१ सालीच फकीरचंद कोहली नावाचे तरुण अभियंते रुजू झाले. जन्म पेशावरचा, नुकतेच अमेरिकेत एमआयटीतून शिकून आलेले. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, तेव्हा टाटा इलेक्ट्रिकने आपल्या वीजजाळ्याची गणितं त्यावर सोडवून पाहिली. १९६८च्या सुमारास कंपनीने जाळ्याच्या नियंत्रणासाठीच डिजिटल संगणक लावला. असं करणाऱ्या वीजकंपन्या तेव्हा जगात मोजक्याच होत्या.

दरम्यान ललित कनोडिया हे एमआयटीतून परतलेले दुसरे तरुण टाटांच्या सांगण्यावरून अहवाल लिहीत होते. त्यातला एक विषय हाच होता: विजेच्या भारवाटपाचं संगणकीकरण. दुसरा होता टाटा समूहासाठी सामायिक संगणक केंद्र. त्यातून मुंबईत आर्मी अँड नेव्ही बिल्डिंगमध्ये टाटा कॉम्प्युटर सेंटर उभं राहिलं, भाड्याने आणलेल्या आयबीएम १४०१ यंत्रांवर. १९६८ साली त्याचं नाव टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस झालं आणि पुढच्या वर्षी भारवाटप खात्यातल्या कोहलींकडे त्याची सूत्रं आली. आपण या कामासाठी नाखूश होतो, वीज सोडायची नव्हती, असं कोहलींनी पुढे अनेकदा सांगितलं आहे.

या १४०१वर आजच्या अर्थाने ऑपरेटिंग सिस्टिम नव्हतीच. १९५९ साली जाहीर झालेलं हे यंत्र. त्याची स्मृती जास्तीत जास्त सोळा हजार अक्षरांची, आणि कित्येक ठिकाणी तर चारच हजारांची. ऑपरेटरने भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा लावायचा, बटण दाबायचं. पहिली काही कार्डं उरलेल्या कार्डांना आत ओढून घ्यायची, काम व्हायचं, मग पुढचा गठ्ठा. यंत्र सकाळी चालू केलं काय किंवा वर्षाने चालू केलं काय, त्याला मागचं काही आठवत नसे. त्यामुळे पुन्हा चढवण्याचा प्रश्नही नव्हता.

तो प्रश्न आला ब्रिटिश कंपनी आयसीएलच्या १९०० मालिकेबरोबर. टीसीएसने १९०३ हे यंत्र घेतलं. त्याच मालिकेतलं धाकटं भावंड, १९०१ए, पुण्यात आयसीएलच्याच आयसीआयएम या भारतीय कंपनीच्या कारखान्यात जोडलं जात होतं. म्हणजे आपल्या जिल्ह्यात संगणक ‘बनत’ होता, आयटी पार्क हा शब्द जन्माला यायच्या कितीतरी आधी. या यंत्रात ‘एक्झिक्युटिव्ह’ नावाचा एक प्रोग्राम स्मृतीत ठाण मांडून बसे आणि बाकीच्यांना वेळ व जागा वाटून देई. त्याच्यावर ‘जॉर्ज’ ही प्रणाली. ती रचणाऱ्या जॉर्ज फेल्टन यांच्यावरून हे नाव पडलं. ऑपरेटर टंकयंत्रासारख्या कन्सोलवर दोन-दोन अक्षरांच्या आज्ञा द्यायचा, एलओ म्हणजे लोड, जीओ म्हणजे चालू, आणि यंत्र कागदावर उत्तर छापायचं. संवाद तुटक होता, पण संवाद होता. आता यंत्राजवळ विसरण्यासारखं काहीतरी होतं, आणि ते विसरलं तर कोणीतरी त्याला पुन्हा सांगणं भाग होतं.

इथे देशातलं वातावरण सांगायला हवं. आयुर्विमा महामंडळातल्या संगणकांविरुद्ध साठीच्या दशकात कर्मचारी संघटनांनी मोठा लढा दिला होता. सरकारने १९६९ साली स्वयंचलनावर समिती नेमली, तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर. १९७२च्या अहवालानंतर संगणक लावणं हा कामगार धोरणाचाही प्रश्न झाला. परकीय चलन दुर्मीळ, आयातीवर शंभर टक्क्यांहून जास्त शुल्क, आणि परवान्याची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर वर्षानुवर्षं फिरणारी. यंत्र मागवायचं ठरल्यापासून ते खोक्यातून बाहेर निघेपर्यंत मधे दोन-दोन वर्षं जात. पाश्चात्त्य कंपनी तेवढ्या काळात नवं मॉडेल बाजारात आणून जुनं विसरूनही जाई.

कोहलींनी या अडचणीतून जी वाट काढली तिच्यापाशी थोडं थांबायला हवं. टीसीएसने अमेरिकेतल्या बरोज कंपनीशी संधान बांधलं. भारतात त्यांची यंत्रं विकायची, सांभाळायची, आणि त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर लिहायचं. स्वतःसाठी बरोजचं छोटं यंत्र आणायला सरकारने अट घातली की यंत्राच्या किमतीच्या दुप्पट निर्यात पाच वर्षांत करून दाखवा. आणि १९७४ साली पहिलं निर्यातीचं काम आलं तेव्हा ते यंत्र हाताशी नव्हतं! काम होतं रुग्णालयाच्या व्यवस्थापनाचा एक संच बरोजच्या मध्यम मालिकेच्या कोबोल भाषेतून त्यांच्याच छोट्या मालिकेच्या कोबोलमध्ये नेण्याचं. मुंबईच्या माणसांनी आयसीएल १९०३वर एक गाळणी-प्रोग्राम लिहिला. एका बाजूने एका बरोजचा कोबोल आत जाई, दुसऱ्या बाजूने दुसऱ्या बरोजचा बाहेर पडे, आणि मधे राबणारं यंत्र तिसऱ्याच कंपनीचं, सहा बिटांचं अक्षर मानणारं. आठ बिटांच्या बरोजचं काम सहा बिटांच्या आयसीएलवर झालं. भारताच्या सॉफ्टवेअर निर्यातीची सुरुवात ही अशी, दुसऱ्याच्या घरात तिसऱ्याची भांडी घासण्यापैकी.

छोट्या बरोजचं, म्हणजे १९७२ साली आलेल्या बी १७०० मालिकेचं, यंत्र मात्र त्या काळातलं एक नवल होतं. वेन विल्नर यांच्या रचनेनुसार त्याची स्मृती शब्दांत किंवा बाइटांत विभागलेली नव्हती. कुठल्याही बिटापासून, हव्या तेवढ्या लांबीचा तुकडा उचलता येई. कोबोल चालवायचा असेल तर यंत्र कोबोलचं होई, फोरट्रान आला की फोरट्रानचं. प्रत्येक भाषेसाठी वेगळा सूक्ष्म-प्रोग्राम असे, त्याला इंटरप्रिटर म्हणत, आणि ते क्षणोक्षणी बदलत. वर देखरेख करणारा मास्टर कंट्रोल प्रोग्राम, सर्वांच्या तोंडी एमसीपी. तोही असेंब्लीत न लिहिता एसडीएल नावाच्या उच्चस्तरीय भाषेत लिहिलेला. गरीब देशातल्या व्यापारी कंपन्यांसाठी हे योग्य यंत्र होतं, असं मला वाटतं. थोड्या स्मृतीत पुष्कळ काम, आणि कोबोल ही त्याची मातृभाषाच.

त्याच्या दर्शनी फळीवर दिवे, बटणं आणि एक छोटी खाच होती. त्या खाचेत कॅसेट बसे. गाण्याच्या कॅसेटची सवय लागलेल्या माणसाला हे यंत्र त्यामुळे जरा ओळखीचं वाटलं असेल. एवढा महाग संगणक सकाळी जागा व्हायचा तो या कॅसेटवर. कळ ‘टेप’वर आणायची, ‘क्लिअर’ दाबायचं, ‘स्टार्ट’ दाबायचं. कॅसेट फिरून थांबली की कळ ‘रन’वर, पुन्हा ‘स्टार्ट’. कॅसेटवरचा चिमुकला प्रोग्राम डिस्कवर जाऊन एमसीपी शोधायचा आणि त्याला स्मृतीत आणायचा. या नेहमीच्या क्रियेला क्लिअर-स्टार्ट म्हणत. यंत्र अडलं, दिवे गोठले, कन्सोल गप्प झाला, तर ऑपरेटरने पहिला उपाय हाच करायचा. अर्धवट राहिलेली कामं जात, पण डिस्कवरच्या फायली शाबूत राहत.

दुसरी कॅसेट होती कोल्ड-स्टार्टची. तिला हात लावण्यापूर्वी पर्यवेक्षकाला बोलवायचं. कारण कोल्ड-स्टार्ट डिस्कची सूची कोरी करून टाके. त्या क्षणापासून डिस्कवर काहीही नाही: महिन्याचे पगार नाहीत, भागधारकांची यादी नाही, काल रात्री चालवलेलं जुळवणीचं काम नाही. मग मोठ्या चुंबकीय फितीवरून एमसीपी, इंटरप्रिटर, कंपायलर, उपयोगी प्रोग्राम एकामागून एक डिस्कवर उतरवायचे, यंत्राला कुठल्या क्रमांकावर कुठलं छपाईयंत्र आणि कुठलं फितीचं यंत्र जोडलेलं आहे ते सांगायचं, तारीख-वेळ द्यायची. ते झाल्यावर क्लिअर-स्टार्ट, आणि एमसीपीने कन्सोलवर स्वतःची ओळख छापली की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे राखून ठेवलेल्या फितींवरून स्वतःच्या फायली परत आणणं. ती फीत खरोखर वाचता येते की नाही, हे तेव्हाच कळायचं.

हे सगळं आज अर्ध्या तासाचं, पेनड्राइव्हचं काम वाटेल. त्या वेळच्या माणसाला मात्र परदेशी कंपनीचा माणूस उद्या येईल अशी सोय नव्हती. सुटा भाग आणायचा तर पुन्हा आयात परवाना. म्हणून ज्याला हातातल्या इंग्रजी पुस्तिकेवरून आणि फळीवरच्या दिव्यांवरून यंत्राच्या मनात काय चाललं आहे ते ओळखता येई, त्याला मोल आलं. कन्सोलवर एमएक्स टाइप करून कोणकोणती कामं आत आहेत ते पाहायचं, अडलेल्या कामाला डीएस देऊन संपवायचं, की सरळ क्लिअर-स्टार्ट करायचं, हा निर्णय काही सेकंदांत घ्यावा लागे. लोणावळ्याचं पाणी किती सोडायचं हे फोनवर ठरवणाऱ्या भारवाटप अधिकाऱ्याच्या निर्णयाशी त्याचं नातं जवळचं होतं: चालू यंत्रणा, अपुरी माहिती, आणि चूक झाली तर गेलेलं परत न येणं. कोहली एका खुर्चीवरून उठून दुसऱ्या खुर्चीत आले, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

१९७७ साली टाटा बरोज ही संयुक्त कंपनी झाली, सांताक्रूझच्या निर्यात क्षेत्रातून काम करू लागली. त्याच सुमारास दिल्लीत जनता सरकार आलं आणि मुंबईच्या कामगार चळवळीतून घडलेले जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले. १९७३च्या परकीय चलन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांनी आपला हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणायचा होता. आयसीएलने मान्य केलं आणि पुण्यातला कारखाना टिकला. आयबीएमने नकार दिला आणि १९७८ साली गाशा गुंडाळला. देशभरातल्या शेकडो ठिकाणची त्यांची यंत्रं सांभाळण्याची जबाबदारी सरकारी कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमसीवर आली. आयबीएमच्याच काही माजी कर्मचाऱ्यांनी आयडीएम नावाची कंपनी काढली. मूळ कंपनी निघून गेल्यावर तिची यंत्रं चालू ठेवणं हा एक नवाच धंदा उभा राहिला. सरकारने त्याच काळात मिनी-संगणकांचं क्षेत्र खासगी भारतीय कंपन्यांना खुलं केलं: डीसीएम, ओआरजी, हिंदुस्तान कॉम्प्युटर्स, मग विप्रो. हैदराबादच्या ईसीआयएलचे टीडीसी संगणक त्याआधीपासून होतेच. परिणाम असा झाला की दहा वर्षांत एकाच शहरात दहा प्रकारच्या प्रणाली नांदू लागल्या. एकीवर शिकलेला ऑपरेटर दुसरीवर नवशिका!

पुण्याचा पुढचा अध्याय डेटा जनरल या अमेरिकी कंपनीच्या मिनी-संगणकांचा. नरेंद्र पटनी यांच्या कंपनीने भारतात त्यांचं वितरण घेतलं आणि सॉफ्टवेअर विभागाची जबाबदारी नारायण मूर्तींकडे आली. मूर्ती त्याआधी पॅरिसमध्ये आणि पुण्यात काम करून आले होते. १९८१च्या जुलैत त्यांनी सहा सहकाऱ्यांसह पुण्यात इन्फोसिस नोंदवली. पत्नी सुधा यांनी दिलेले दहा हजार रुपये भांडवल, आणि कंपनीकडे स्वतःचा संगणकच नाही. परवान्यांच्या फेऱ्या संपून डेटा जनरलचा एमव्ही/८००० हाती यायला १९८३ उजाडलं. तोवर मायको या ग्राहकासाठी बिऱ्हाड बंगळूरला हललं होतं. पुणेकर अजूनही याची हळहळ करतात. मला विचाराल तर हळहळीचं कारण नाही. बत्तीस बिटांच्या त्या यंत्रावर जुने सोळा बिटांचे प्रोग्रामही तसेच चालत, आणि ज्यांनी ते चालवले त्यांची विद्या मुंबई-पुण्यातच झाली होती.

बँकांची गोष्ट थोडक्यात. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल १९८४चा, त्याआधी १९८३मध्ये कर्मचारी संघटनांशी करार. शाखांत खातेवहीची यंत्रं, वरच्या कार्यालयांत मिनी-संगणक असा आराखडा. त्यानंतरच्या खरेदीत युनिक्स सर्वत्र पसरलं. बेल लॅबमध्ये १९६९ला जन्मलेली आणि १९७३ला सी भाषेत पुन्हा लिहिली गेलेली ही प्रणाली कुठल्याही एका कंपनीच्या यंत्राला बांधलेली नव्हती. यंत्र दिल्लीचं असो की बंगळूरचं, आतल्या आज्ञा जवळपास त्याच. झेनिक्ससारखी तिची छोटी आवृत्ती फ्लॉपींच्या गठ्ठ्यातून चढवायची. पहिल्या फ्लॉपीने यंत्र जागं करायचं, डिस्कचे भाग पाडायचे, मग ‘पुढची फ्लॉपी घाला’, ‘पुढची फ्लॉपी घाला’, शेवटी अनुक्रमांक आणि किल्ली. मधली एखादी फ्लॉपी बुरशीमुळे वाचता आली नाही की सगळं पहिल्यापासून. विजेचा धक्का बसून यंत्र बंद पडलं की सुरू होताना एफएससीके ही आज्ञा डिस्कचा हिशेब तपासत बसे, आणि काउंटरपलीकडची रांग वाट पाहत राही. मुंबईला टाटांच्या विजेची चैन होती. महाराष्ट्र राज्य वीज मंडळाच्या हद्दीत यूपीएस हा संगणकाइतकाच जरुरीचा खर्च होता.

जे काम १९७४ साली मुंबईत एका गाळणीने केलं, ते करणाऱ्या साधनांचं शास्त्र पुण्यात झालं. १९८१ साली टाटांनी इथे टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर उभं केलं. जुन्या प्रोग्रामचं विश्लेषण करून तो नव्या प्रणालीवर नेणारी साधनं तिथे घडली. नव्वदीच्या शेवटी दोन अंकी वर्षांचा घोळ निस्तरायला जगाला माणसं हवी होती, तेव्हा जुना कोबोल वाचणारे, जुन्या यंत्रांच्या सवयी ठाऊक असलेले लोक इथे तयार होते. ज्याला आपण मागासलेपण म्हणत होतो, त्या जुन्या यंत्रांना वर्षानुवर्षं जागवत ठेवण्याच्या लाचारीनेच ते तयार झाले होते. ‘जुगाड’ म्हणून या कौशल्याला गोंजारायची अलीकडे फॅशन आहे. ती मला पटत नाही. कोल्ड-स्टार्टच्या आधी फीत तपासून घेणाऱ्या माणसाच्या कामात शिस्त होती, जुगाड नव्हता.

त्या काळातली नावं आता बहुतेक पुसली गेली. टाटा बरोजचं टाटा युनिसिस, मग टाटा इन्फोटेक झालं आणि २००६ साली ती टीसीएसमध्ये विलीन झाली. सीएमसीही २०१५मध्ये तिथेच गेली. पुण्याच्या आयसीआयएमचं नाव २०००पासून झेन्सार आहे. कोहली २६ नोव्हेंबर २०२० रोजी, शहाण्णव वर्षांचे होऊन वारले. खोपोलीचं वीजकेंद्र चालू आहे.

मोठ्या कंपन्यांची पत्रं, करार आणि छायाचित्रं जपायला पुण्यात टाटा सेंट्रल अर्काइव्ह्ज आहे. ऑपरेटरच्या पाळीवहीला मात्र कोणी वाली नाही. त्या वहीतच कळतं की यंत्र कोणत्या रात्री कोसळलं, कोणी कोणती फीत लावली, किती वाजता पगार छापून निघाले. मावळात, पुण्यात, मुंबईत साठ-सत्तरी ओलांडलेल्या कित्येक घरांत अशा वह्या, कन्सोलच्या कागदाच्या घड्या, पुस्तिका, एखादी कॅसेट माळ्यावर पडून असेल. दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीवाल्याला देण्याआधी ज्यांच्या आहेत त्यांना समोर बसवा, एकेक पान उलगडून विचारा, आणि ते सांगतील ते तारखेसह लिहून घ्या.